पितळी सुईवरची रेघ

घाट जिथून चढायला लागतो, तिथल्या एका गावात हैबती ढेबे नावाचा एक जीपवाला राहत होता. त्याची जीप पेट्रोलवर चालायची. वयाने ती त्याच्यापेक्षा फक्त बारा वर्षांनी लहान होती. तरीही रोज सकाळी सात वाजता दुधाच्या किटल्या आणि बाजाराची माणसं घेऊन ती घाट चढायची आणि तालुक्याला पोचायची. गावात दुसरी गाडी नव्हती. एसटीचा थांबा नदीपलीकडे अडीच किलोमीटरवर होता.

हैबती कष्टाळू होता. त्याला व्यसन नव्हतं. जीप तो रोज धुवायचा, पुसायचा. पण त्याला राग फार लवकर यायचा, आणि आलेला राग थेट हातात उतरायचा. मग तो दार आपटायचा, टायरला लाथ मारायचा, हॉर्न दाबून धरायचा. किटल्या नेणारा सर्जेराव म्हणायचा, "आपल्या जीपला दोन इंजिनं आहेत. एक बॉनेटखाली, एक स्टिअरिंगमागे. स्टिअरिंगमागचं आधी तापतं." सगळे हसायचे. हैबती हसायचा नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी पुढच्या सीटवर हैबतीची थोरली बहीण बसायची. तिचं नाव अनुसया, पण सगळं गाव तिला आक्का म्हणायचं. आई गेल्यावर तिनेच हैबतीला वाढवलं होतं. आता तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा तालुक्याच्या दवाखान्यात डायलिसिस झालं नाही, तर तिच्या अंगात पाणी भरायचं आणि श्वास कोंडायचा. मशीनची वेळ सकाळी नऊची. उशीर झाला की मशीन पुढच्या पेशंटला जायचं.

त्या वर्षी थंडीत जीप कुरकुरायला लागली. चढावर दम टाकायची. कुठे थांबवली की बंद पडायची. हैबती तिला नाक्यावरच्या दस्तगीर मिस्त्रीकडे घेऊन गेला. दस्तगीर साठीचा होता. त्याने इंजिन चालू ठेवलं, पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या कार्बुरेटरजवळ कान नेला आणि बराच वेळ नुसता ऐकत राहिला. मग कार्बुरेटर उतरवून दोन बोटांनी त्याची दांडी हलवून पाहिली.

"हा संपला," तो म्हणाला. "ज्या भोकात ही दांडी फिरते, ते भोकच झिजलंय. तिथून फुकटची हवा आत शिरते. दुरुस्तीचं किट टाकून उपयोग नाही. नवा घ्यावा लागेल."

"मग टाका नवा."

"असाच, याच मापाचा आणि याच नंबरचा लागेल. शहरातून यायला आठ दिवस. बसवल्यावर तीन दिवस ट्यूनिंग. तोवर मी दांडीला वॉशर घालून देतो. माणसं कमी घे, हळू चालव. आठ दिवस निघतील."

"तीन दिवस? एक स्क्रू पिळायला तीन दिवस?"

"दोन स्क्रू आहेत," दस्तगीर म्हणाला. "आणि ते पिळायचे नसतात."

हैबतीच्या कपाळाची शीर फुगली. "चाचा, तुम्हाला माणूस ताटकळत ठेवायची सवयच लागलीय. राहू दे तुमचा नंबर आणि राहू दे तुमचं ट्यूनिंग." त्याने वॉशर घातलेली जीप सुरू केली आणि दार असं आपटलं, की गॅरेजच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

दुसऱ्याच दिवशी तो तालुक्याला जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानात शिरला. दुकानदाराने फडक्यात गुंडाळलेला एक भलामोठा कार्बुरेटर काउंटरवर ठेवला. पॉलिश मारलेला, चकचकीत. कोणत्या तरी मोठ्या इंजिनाच्या गाडीचा होता.

"माझ्या गाडीचा एवढा नाही," हैबती म्हणाला.

"म्हणून तर ती घाटात रडते. हा लावा, घाट तुमच्या मागे पळत येईल."

हैबतीने तो दोन्ही हातांत धरून पाहिला. आपल्या इंजिनाला तो झेपेल का, हा विचार त्याच्या मनात आला होता. पण त्याच्या आधी दुसरा विचार आला. हा बसवून दस्तगीरच्या दारावरून जीप न्यायची, हळूच, त्याला नीट दिसेल अशी. जीपला काय हवं होतं हे बाजूलाच राहिलं. कार्बुरेटर दस्तगीरला दाखवण्यासाठी घेतला गेला.

घरी आल्यावर कळलं, की बोल्टची भोकं जुळत नाहीत. हैबतीने पत्र्याची पट्टी कापली, तिला चार भोकं पाडली, मधे घातली आणि कार्बुरेटर बसवला. जीप गर्जून सुरू झाली. सपाट रस्त्यावर वाऱ्यासारखी पळाली. दस्तगीरच्या दारावरून तो दोनदा गेला. दस्तगीरने दोन्ही वेळा मान वर करून पाहिलं आणि दोन्ही वेळा परत कामात घातली.

पण अ‍ॅक्सिलरेटरवर एकदम पाय पडला, की जीप उचकी खायची आणि मागून काळा धूर सोडायची. माणसांच्या नाकाला पेट्रोलचा वास झोंबायचा. पाय काढला की ती बंदच पडायची. पुढचा आठवडाभर बाजारहाटाची माणसं रुमाल नाकाला लावून बसली. सर्जेराव म्हणाला, "दुधाला रॉकेलचा वास येतोय अशी तक्रार आलीय. मी सांगितलं, रॉकेल नाही, पेट्रोल आहे. हैबती हलकं काही वापरत नाही."

गुरुवारी दुपारी हैबतीने बॉनेट उघडलं. कार्बुरेटरवरचा हवेचा स्क्रू एकदा आत फिरवला, एकदा बाहेर. किती फेरे आत आणि किती बाहेर, हे त्याने मोजलं नाही. इंजिनाला उत्तर द्यायलाही त्याने वेळ दिला नाही. एक फेरा होतो न होतो तोच दुसरा. शेवटी दातओठ खात त्याने तो स्क्रू जाईल तितका आत पिळला आणि म्हणाला, "आता बस तिथंच!" मग दुसऱ्या स्क्रूने इंजिनाचा वेग एवढा वाढवून ठेवला, की उभी जीप किंचाळायला लागली. बंद पडत नव्हती. हैबतीला वाटलं, आपण जिंकलो.

शुक्रवारी सकाळी आक्का पुढे बसली. मागे सर्जेराव, किटल्या आणि पाच माणसं. घाटाच्या सातव्या वळणावर समोरून एसटी आली. हैबतीने वेग कमी केला, एसटीला वाट दिली आणि पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला. जीपने उचकी खाल्ली आणि ती बंद पडली.

त्याने स्टार्टर मारला. पुन्हा मारला. आणखी सहा वेळा मारला. बॉनेटमधून पेट्रोलचा भपकारा आला.

"ओव्हर झालाय," मागून सर्जेराव म्हणाला. "पेट्रोल तुंबलंय आत. अ‍ॅक्सिलरेटर दाबून धर आणि दहा मिनिटं गप्प बस. उडून जाईल आपोआप."

"तू तुझ्या किटल्या सांभाळ!"

हैबती खाली उतरला. बॉनेट उघडून त्याने कार्बुरेटरला पान्याने ठोकलं. दुकानदाराचा उद्धार केला, दस्तगीरचा केला, जीपच्या सात पिढ्यांचा केला. परत चढून स्टार्टर मारला, परत उतरला, टायरला लाथ मारली. सीटवर बसलेल्या बाईचे ओठ काळसर पडायला लागले होते. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या सख्ख्या भावाला ते दिसले नाहीत, कारण तो लोखंडाशी भांडत होता.

आक्का म्हणाली, "हैबत्या, तुझं ओरडून झालं की सांग. मी तोवर श्वास धरून ठेवते."

दहा मिनिटांत सुटणारं काम त्याने पाऊण तास केलं. शेवटी बॅटरी उतरली. मग एका ट्रकवाल्याने आक्काला आणि हैबतीला केबिनमध्ये घेतलं.

ती दवाखान्यात पोचली तेव्हा साडेदहा वाजले होते. मशीनवर दुसरा पेशंट होता. हैबती नर्सवर ओरडायला लागला. नर्स त्याच्यापेक्षा मोठ्याने म्हणाली, "तुम्ही माझ्यावर ओरडलात म्हणून मशीन रिकामं होणार आहे का? नऊ वाजता कुठे होतात?" चार वाजेपर्यंत आक्का खुर्चीत बसून राहिली. पाय सुजून चपलेत मावेनात. प्रत्येक श्वास करवतीसारखा आत-बाहेर व्हायचा, आणि हैबतीला तो मोजत बसावं लागलं.

परत येताना दुधाच्या टेम्पोत ती म्हणाली, "मंगळवारी मी एसटीने जाईन."

"थांबा अडीच किलोमीटर आहे, आक्का."

"ठाऊक आहे. पाय सुजलेत, डोकं नाही."

"गाडी बिघडली, त्यात माझा काय..."

"गाडी कुणाचीही बिघडते," आक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच हैबती आत कुठेतरी हादरला. "गाडीचा राग नाही मला. तुला दहा मिनिटं गप्प बसता आलं नाही. माझ्यासाठी दहा मिनिटं! तुझ्या गाडीत मी बसणार नाही."

शनिवारी सकाळी जीप घाट उतरून खाली आली. इंजिन बंदच होतं. उतरायला कार्बुरेटर लागत नाही. हैबतीने ती दस्तगीरच्या दारात उभी केली आणि मान खाली घालून उभा राहिला.

दस्तगीरने बॉनेट उघडलं. मोठा कार्बुरेटर पाहिला, पत्र्याची ओबडधोबड पट्टी पाहिली, पान्याचे ठोके पाहिले. त्याचा चेहरा लाल झाला. हातातला स्क्रूड्रायव्हर तसाच घेऊन तो गॅरेजच्या मागे निघाला. मागे चाळीस पावलांवर पाण्याची टाकी होती आणि टाकीच्या भिंतीला एक खिळा. दस्तगीरने स्क्रूड्रायव्हर त्या खिळ्याला टांगला, तांब्याभर पाणी प्यायला, थोडा वेळ उभा राहिला, स्क्रूड्रायव्हर काढून घेतला आणि परत आला.

त्याच्या गॅरेजचा हा रिवाज होता. राग आला की हत्यार हातात ठेवायचं नाही. हैबतीने इतकी वर्षं दस्तगीरला चिडलेलं पाहिलं नव्हतं. त्याला वाटायचं, या माणसाला राग येतच नाही. आज कळलं, की त्याला राग येत होता, आणि दर वेळी तो चाळीस पावलं चालत होता.

दस्तगीरने हवेचा स्क्रू पूर्ण बाहेर काढला. तो पितळेचा होता आणि त्याचं टोक सुईसारखं निमुळतं होतं. त्या टोकाभोवती एक खोल रेघ पडली होती. आत जाऊन बसताना पितळ चेपलं होतं.

"बघ," तो म्हणाला. "अलगद टेकला की थांबायचं असतं. तू त्याच्यापुढे किती पिळलास ते इथे कोरून ठेवलंयस. हे टोक आता कधीच नीट बसणार नाही. आणि ज्यात ते बसतं ती जागाही गेली." त्याने सुई हैबतीच्या तळहातावर ठेवली. "पितळेचं ठीक आहे. पितळ बोलत नाही. त्या बाईच्या श्वासावर जी रेघ पडली, ती कुठे दाखवू तुला?"

दस्तगीर आत गेला आणि फळीवरून एक खोकं घेऊन आला. त्यात नवा कार्बुरेटर होता. त्याच मापाचा, त्याच नंबरचा.

"हा कधी मागवलात? मी तर नको म्हणून गेलो होतो."

"आक्का नको म्हणाली नव्हती."

त्याने दोन्ही कार्बुरेटर शेजारी ठेवले. नवा त्या मोठ्यापुढे पोरासारखा दिसत होता. "मोठा वाईट नाही," दस्तगीर म्हणाला. "मोठ्या इंजिनाला तो बरोबर. तुझ्या इंजिनाचा श्वास लहान आहे. लहान श्वासाने एवढ्या मोठ्या तोंडातून पेट्रोल नीट ओढलं जात नाही. पाय दाबला की ते ठसकतं. ठसकणाऱ्याच्या पाठीत तू लाथ घातलीस." मग त्याने स्क्रूड्रायव्हर पुढे केला. "घे. ट्यूनिंग तू करायचं. मी बसून बघणार."

कार्बुरेटर बसवताना दस्तगीरने पट्टी फेकून दिली, नवं पॅकिंग घातलं, उतरलेली बॅटरी चार्ज करून घेतली. मग हैबतीला कामाची पद्धत सांगितली. हवेचा स्क्रू दोन बोटांनी अलगद टेकेपर्यंत आत न्यायचा, मग दीड फेरा बाहेर. तिथून पुढे एका वेळी फक्त पाव फेरा. पाव फेरा झाला की हात काढायचा आणि इंजिन काय म्हणतंय ते ऐकायचं. आवाज बदलून स्थिर होईपर्यंत दुसरा पाव फेरा नाही. आणि केलेला प्रत्येक पाव फेरा वहीत लिहायचा. राग आला तर खिळा कुठे आहे ते माहीत आहेच.

पहिल्या दिवशी गार इंजिनावर ट्यूनिंग. हैबती अकरा वेळा खिळ्याकडे गेला. कट्ट्यावर बसलेली माणसं मोजत होती. सर्जेराव म्हणाला, "हैबती, एवढं चालला असतास तर पायीच तालुक्याला पोचला असतास." त्या टोमण्यापायी बारावी खेप झाली.

दुसऱ्या दिवशी गरम इंजिनावर ट्यूनिंग. चार खेपा. वहीत सतरा नोंदी. दुपारी एका पाव फेऱ्यानंतर इंजिनाचा आवाज असा सरळ झाला, की हैबतीने श्वास रोखला. दस्तगीर म्हणाला, "आता हात लावू नकोस." हैबतीने हात मागे घेतला. त्याच्या आयुष्यात त्याने इतक्या सावकाश कशावरून हात काढला नव्हता.

तिसऱ्या दिवशी घाट. चढावर एका जागी जीप किंचित अडखळली. घाटात खिळा नव्हता. हैबतीने जीप कडेला घेतली, उतरला, किलोमीटरच्या दगडापर्यंत चालत गेला आणि परत आला. शेजारी बसलेल्या दस्तगीरने फक्त एवढंच विचारलं, "लिहिलंस?"

मंगळवार उजाडला. पहाटे सहाला आक्का दवाखान्याची फाईल काखेत घेऊन आणि काठी टेकत घरातून बाहेर पडली. जीपकडे तिने पाहिलंही नाही. ती थांब्याच्या वाटेला लागली. एसटी सव्वासातला येणार होती.

हैबतीने किटल्या लवकर चढवून घेतल्या, सर्जेरावला मागे बसवलं आणि जीप आक्काच्या मागे घातली. सगळ्यात लहान गिअर टाकला आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढून घेतला. जीप नुसत्या आयडलवर, माणसाच्या चालीने चालू लागली. रस्ता हलक्या चढाचा होता. आधीच्या कार्बुरेटरवर ती अशी चार पावलंही गेली नसती.

आक्का दर पन्नास पावलांवर थांबायची, काठीवर रेलायची, छातीवर हात ठेवायची. ती थांबली की जीप थांबायची. इंजिन संथ, एकसारखं चालू राहायचं. हैबतीने हाक मारली नाही. हॉर्न वाजवला नाही. हात स्टिअरिंगवर ठेवून तो समोर पाहत होता, आणि त्या हातांची बोटं पांढरी पडली होती.

मागून एक ट्रक आला. ट्रकवाला हॉर्न दाबून धरत ओरडला, "ए, वरात काढलीस का रे?" आधीचा हैबती जॅकचा दांडा घेऊन उतरला असता. त्याने हात बाहेर काढून ट्रकला पुढे जायची खूण केली.

पुलाजवळ आक्काचे पाय थांबले. ती कठड्यावर बसली. पावणेसात झाले होते. अर्धी वाट अजून बाकी होती, आणि सव्वासातची एसटी आता तिला मिळणार नव्हती. हे आक्काला कळत होतं. सर्जेरावलाही कळत होतं. हैबतीला सगळ्यात जास्त कळत होतं. ओरडावं, उतरावं, तिला उचलून सीटवर टाकावं, असं त्याच्या दंडापर्यंत येऊन परत जात होतं.

आक्काने त्याच्याकडे पाहिलं. नुसती पाहत राहिली, आणि त्या नजरेत शुक्रवारचा सगळा दिवस होता. हैबतीने नजर चुकवली नाही. तोंडही उघडलं नाही. पुलाखालून पाण्याचा आवाज येत होता आणि त्याच्यावर इंजिनाचा. दोन्हींपैकी एकही खंडला नाही.

बऱ्याच वेळाने आक्काने विचारलं, "सर्जेराव, दहा मिनिटं झाली का रे?"

"अकरा झाली, आक्का."

आक्का काठी टेकत उठली. पुढचं दार उघडून सीटवर बसली. फाईल मांडीवर ठेवली.

"घाई करू नकोस," ती म्हणाली. "पण नऊला पोचव."

सातव्या वळणावर समोरून एसटी आली. हैबतीने वेग कमी केला, एसटीला वाट दिली आणि पाय अलगद खाली दाबला. जीप ठसकली नाही. ती सरळ वर निघाली. वळण मागे पडल्यावर आक्का म्हणाली, "राग गेला का तुझा?"

"नाही. खिळ्याला आहे."

"माझाही गेलेला नाही," आक्का म्हणाली. "समोर बघ."

आठ वाजून चाळीस मिनिटांनी जीप दवाखान्याच्या दारात थांबली. हैबती आधी उतरला, पलीकडे जाऊन त्याने दार उघडलं, आक्काला हात दिला. ती आत गेल्यावर त्याने दार लावलं. इतकं हळू, की मागे बसलेल्या सर्जेरावला ते लागल्याचं कळलंच नाही.

तात्पर्य: राग आला म्हणून कुणी वाईट ठरत नाही. पण राग हातात असताना स्क्रूला हात लावू नये. तो स्क्रू ज्याच्यावर आपण चिडलो त्याला कधीच टोचत नाही. आपल्या भरवशावर शेजारी बसलेल्या माणसाला टोचतो.